काफिर कोण, हे ठरवायचे कुणी?

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात मारले गेलेले नऊ हल्लेखोर जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. दफनाचा विषय निघाला तेव्हा मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. निरपराध माणसांना असे मारणारे मुसलमान असूच शकत नाहीत, आमच्या मातीत त्यांना जागा नाही, अशी ट्रस्टची भूमिका होती. शहरातल्या इतर मुस्लिम संघटनाही तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती प्रेते गुपचूप पुरली. ही गोष्ट गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधिमंडळात सांगितली ती एप्रिलमध्ये.

१६६ माणसे गमावलेल्या शहराला त्या नकाराचे मोल मोठे होते. मला तो तेव्हा भावला, आजही भावतो. पण सहा वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, इजिप्तमधल्या अल-अझहर या हजार वर्षांहून जुन्या विद्यापीठाने नेमकी उलटी भूमिका घेतली. सीरिया आणि इराकमध्ये ‘इस्लामिक स्टेट’ माणसांचे गळे चिरत होती आणि तिला इस्लामबाहेर घोषित करा असा दबाव अल-अझहरवर होता. या लोकांची कृत्ये घोर आहेत, त्यांच्याशी लढलेच पाहिजे, पण त्यांना काफिर ठरवणार नाही, असे विद्यापीठाने सांगितले. पाप कितीही मोठे असो, श्रद्धेचा उच्चार करणाऱ्याला धर्माबाहेर काढता येत नाही, आणि तसे काढू लागलो तर आपणही त्यांच्याच वाटेला लागलो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. अल-अझहरवर त्यासाठी चौफेर टीका झाली.

हिंसेची चीड दोन्हीकडे सारखीच होती, तरी उत्तरे दोन टोकांची आली. इस्लामच्या नावाने होणारी राजकीय हिंसा समजून घ्यायची तर या दोन उत्तरांमधल्या जागेत शिरावे लागते. ‘जिहाद’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांतून रोज भेटतो, पण कळीचा शब्द दुसराच आहे आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नाही. तो शब्द म्हणजे तकफीर: स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या माणसाला ‘तू मुसलमान नाहीस’ असे जाहीर करणे. पारंपरिक धर्मशास्त्रात मुसलमानाचे रक्त, मालमत्ता आणि अब्रू यांना संरक्षण आहे. तकफीर हे संरक्षण काढून घेते. मुसलमान राज्यकर्त्यावर, शिया शेजाऱ्यावर किंवा दर्ग्यात आलेल्या भाविकावर शस्त्र उचलायचे असेल तर आधी तो मुसलमान नाही हे ठरवावे लागते.

हा वाद जवळजवळ इस्लामइतकाच जुना आहे. पैगंबरांच्या निधनाला पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हा इ. स. ६५६ मध्ये तिसरे खलिफा उस्मान यांना मदिनेत त्यांच्याच घरात बंडखोरांनी ठार केले. पैगंबरांचे जावई अली खलिफा झाले. सीरियाचे सुभेदार मुआविया हे उस्मानांच्या कुळातले. खुनाचा बदला आधी, निष्ठेची शपथ नंतर, असे त्यांनी बजावले. ६५७ मध्ये युफ्रेटिसच्या काठी सिफ्फीन येथे दोन्ही मुस्लिम फौजा भिडल्या. (हे ठिकाण आजच्या रक्का शहराजवळ आहे. इस्लामिक स्टेटने आपली राजधानी केली ते हेच रक्का.) मुआवियाची बाजू लंगडी पडू लागली तेव्हा त्यांच्या सैनिकांनी भाल्यांच्या टोकांना कुराणाची पाने लावून उंच धरली. निवाडा ग्रंथाने होऊ द्या, असा त्याचा अर्थ. लढाई थांबली आणि दोन्हीकडून एकेक लवाद नेमायचे ठरले.

त्यावर अलींच्याच छावणीतला एक गट बिथरला. निवाड्याचा अधिकार एका अल्लाचा असताना तो माणसांच्या हाती देणे हाच धर्मद्रोह, असा त्यांचा घोष होता. छावणी सोडून ते कूफा शहराजवळच्या हरूरा गावी गेले. बाहेर पडले म्हणून पुढे त्यांना खारिजी म्हणू लागले. परंपरा सांगते की अलींनी कुराणाची एक मोठी प्रत मागवली, लोकांसमोर ठेवली, तिच्यावर हाताने टकटक केली आणि ‘बोल’ म्हणाले. लोक चक्रावले. ही तर कागदावरची शाई आहे, ती कशी बोलेल? अलींना तेच दाखवायचे होते. ग्रंथ स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने माणसेच बोलतात. ‘निवाडा देवाचा’ असे म्हणणारा प्रत्यक्षात स्वतःचा निवाडा देवाच्या तोंडी घालत असतो. गेल्या साडेतेराशे वर्षांत या वादात याहून मर्माचे काही कुणी दाखवले असेल असे मला वाटत नाही.

खारिजी भोंदू नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवे. नमाजात वाकून वाकून त्यांच्या कपाळांना घट्टे पडले होते, असे त्यांचे विरोधकच लिहून गेले आहेत. त्यांची एक हकिकत जुन्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. पैगंबरांच्या एका सोबत्याचा मुलगा, अब्दुल्ला इब्न खब्बाब, गरोदर बायकोसह त्यांच्या तावडीत सापडला. त्याला घेऊन ते एका खजुरीखाली थांबले. झाडावरून एक खजूर पडला, एकाने उचलून तोंडात टाकला. लगेच दुसरा खेकसला: मालकाला विचारले नाही, दाम मोजला नाही, खाल्लास कसा? त्याने तो थुंकून टाकला. वाटेत कुणा बिगरमुसलमान माणसाचे डुक्कर एकाने तलवारीने मारले, तर बाकीच्यांनी त्यालाही फैलावर घेतले आणि मालकाची भरपाई करून दिली. त्यानंतर त्याच माणसांनी अब्दुल्लाला अलींबद्दल त्याचे मत विचारले. तो त्यांना चांगले म्हणाला, म्हणून त्याला नदीच्या काठावर आडवे पाडून त्याचा गळा चिरला आणि त्याच्या बायकोचे पोट फाडले.

न विचारता खाल्लेला एक खजूर ज्यांना सोसवत नव्हता, त्यांना हा खून धर्मकृत्य वाटला. खजुराच्या मालकाला आणि डुकराच्या मालकाला शरियतीचे संरक्षण होते. अब्दुल्लाचे संरक्षण मात्र एका प्रश्नोत्तरात संपले होते. तकफीर काय करते हे याहून स्पष्ट दिसायचे नाही.

अलींनी खुनी हवाली करा म्हटले, तेव्हा आम्ही सगळेच खुनी, असे उत्तर आले. ६५८ मध्ये नहरवान येथे लढाई झाली आणि बरेचसे खारिजी कापले गेले. त्याचा सूड म्हणून जानेवारी ६६१ मध्ये इब्न मुलजम या खारिजीने कूफ्याच्या मशिदीत पहाटेच्या नमाजाच्या वेळी विषारी तलवारीने अलींवर वार केला. मरणापूर्वी अलींनी सांगितले म्हणतात की मी गेलो तर त्याला एकाच घावात मारा, हालहाल करू नका. आणि नहरवाननंतर खारिज्यांना काफिर म्हणायचे का असे विचारले गेले, तेव्हा ते ‘नाही’ म्हणाले होते. आमच्याविरुद्ध बंड केलेले ते आमचेच भाऊ आहेत, असे त्यांचे उत्तर परंपरेने जपले आहे. ज्यांनी अलींना काफिर ठरवले त्यांना अलींनी काफिर ठरवले नाही. अल-अझहरच्या २०१४ मधल्या नकाराचे मूळ इथे आहे.

या अनुभवाने हादरलेल्या विद्वानांनी पुढे काही बांध घातले. मुर्जिआ नावाच्या विचारधारेने म्हटले की मनातल्या श्रद्धेचा निकाल कयामतीपर्यंत लांबणीवर टाका, तो अल्ला करेल. ज्यांचा संप्रदाय भारतीय उपखंडातले बहुसंख्य सुन्नी पाळतात ते इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) हेही याच मताचे होते की पापाने माणूस पापी होतो, धर्माबाहेर जात नाही. अकराव्या-बाराव्या शतकातल्या गझालींनी तर तकफीर कधी करता येत नाही यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांच्या लेखी, चुकून एका मुसलमानाचे रक्त सांडण्यापेक्षा चुकून हजार काफिरांना जिवंत सोडणे हलके. या सगळ्याला आधार होता पैगंबरांच्या चरित्रातल्या एका प्रसंगाचा. उसामा नावाच्या तरुण योद्ध्याने ऐन लढाईत कलमा (श्रद्धेचे वचन) उच्चारणाऱ्या शत्रूला मारले आणि तो भीतीपोटी बोलला असा बचाव केला. त्यावर पैगंबरांनी त्याला विचारले, की तू त्याचे काळीज फाडून पाहिलेस काय?

हे बांध अभेद्य होते असे नाही. गझालींनीच काही तत्त्वज्ञांच्या तीन मतांवर काफिरपणाचा शिक्का मारला. राजेही सोयीने हे हत्यार वापरत. पण सर्वसाधारण कल आवरण्याकडे होता. मध्ययुगात त्याला सर्वांत मोठा धक्का बसला तो मंगोलांमुळे.

इब्न तैमिया (१२६३–१३२८) लहान असताना मंगोलांच्या भीतीने त्यांचे कुटुंब हर्रान सोडून दमास्कसला पळाले. १२९५ मध्ये इराणचा मंगोल बादशहा गाझान मुसलमान झाला आणि तरीही काही वर्षांतच त्याने मुस्लिम सीरियावर स्वारी केली. नमाज पढणाऱ्या फौजेशी लढायचे का, असा पेच सीरियातल्या लोकांपुढे पडला. इब्न तैमियांनी फतवा दिला: लढायचे. हे लोक कलमा म्हणतात, पण कारभार चंगेजखानाच्या कायद्याने चालवतात. परचक्र दारात असताना दिलेला तो फतवा होता. बिकट वेळी दिलेली मते पुढे संदर्भ सोडून हिंडू लागतात, तसे याचे झाले.

त्यांच्या दुसऱ्या एका फतव्याची गोष्ट तर विलक्षण आहे. आजच्या तुर्कस्तानातले मारदीन हे शहर तेव्हा मंगोलांच्या अंमलाखाली होते, प्रजेत मुसलमान पुष्कळ. ही शांतीची भूमी म्हणायची की युद्धाची, असे विचारल्यावर इब्न तैमिया म्हणाले, दोन्ही नव्हे, ही मिश्र भूमी. इथल्या मुसलमानाशी त्याच्या योग्यतेप्रमाणे वागावे आणि शरियतीबाहेर गेलेल्याशी त्याच्या योग्यतेप्रमाणे वागावे. इथे ‘वागावे’साठी शब्द आहे ‘युआमल’. विसाव्या शतकाच्या आरंभी काहिरात हे फतवे छापले गेले, तेव्हा दुसऱ्या जागी ‘युकातल’ छापले गेले. अरबी लिपीत ऐनच्या जागी काफ आणि मीमच्या जागी ते, एवढाच फरक. अर्थ मात्र ‘त्याच्याशी लढावे’ असा झाला. शंभर वर्षे तीच छापील प्रत फिरली आणि बंदूकधारी गट तिचा दाखला देत राहिले. मार्च २०१० मध्ये मारदीन शहरातच जमलेल्या विद्वानांनी, शेख अब्दुल्ला बिन बय्या यांच्या पुढाकाराने, दमास्कसच्या जुन्या हस्तलिखिताशी ताडून ही चूक चव्हाट्यावर आणली. दोन अक्षरे दुरुस्त झाल्याने बॉम्ब थांबले नाहीत, हे खरेच. पण मारण्याचा आधार किती तकलादू असू शकतो ते तरी दिसले.

विसाव्या शतकात या जुन्या दारूगोळ्याला नवी वात लावली गेली, आणि तिचा एक धागा आपल्याकडचा आहे. अबुल आला मौदूदी १९०३ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात जन्मले. १९४१ मध्ये त्यांनी लाहोरला जमाते इस्लामी स्थापली. सार्वभौमत्व लोकांचे नव्हे, राज्याचे नव्हे, फक्त अल्लाचे, असा सिद्धांत त्यांनी आधुनिक राज्यशास्त्राच्या भाषेत मांडला. त्यांची स्वतःची वाट पक्ष, पुस्तके आणि निवडणुका यांची होती. पण त्यांचे लिखाण अरबीत गेले आणि इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब यांच्या हाती पडले.

कुत्ब (१९०६–१९६६) साहित्य समीक्षक होते. नजीब महफूझ या तरुण कादंबरीकाराची थोरवी सर्वांत आधी ओळखणाऱ्या समीक्षकांपैकी ते एक. पुढे ते मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेत गेले. ऑक्टोबर १९५४ मध्ये अलेक्झांड्रियात इजिप्तचे नेते नासर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, मग धरपकड झाली, त्यात कुत्बही आत गेले. १९५७ मध्ये तुरा तुरुंगात पहारेकऱ्यांनी ब्रदरहूडच्या वीसेक कैद्यांना कोठड्यांत गोळ्या घालून मारले. कुत्ब तेव्हा त्याच तुरुंगाच्या दवाखान्यात होते. आपल्याला छळणारे, मारणारे हे लोक नाव मुसलमानी लावतात, मग ते मुसलमान कसे, हा प्रश्न तिथल्या कैद्यांपुढे उभा राहिला. १९६४ मध्ये आलेल्या ‘मआलिम फित्तरीक’ या कुत्ब यांच्या पुस्तकाने उत्तर दिले की आजचा सगळा समाजच इस्लामपूर्व अज्ञानकाळात, जाहिलियतमध्ये, जगतो आहे. माणसागणिक तकफीर त्यांनी केली की नाही यावर अभ्यासकांत वाद आहे. पण दार किलकिले झाले होते. ऑगस्ट १९६६ मध्ये त्यांना फाशी झाली आणि त्या पुस्तकाला हौतात्म्याचे वजन आले. तुरुंग आणि छळ हे या विचाराचे एकमेव कारण नव्हे, पण त्यांच्यावाचून त्याची धग कळत नाही.

त्याच तुरुंगातून त्याला उत्तरही निघाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ब्रदरहूडचे प्रमुख हसन अल-हुदैबी हेही कैदी, त्यांनीही छळ सोसलेला. १९६९ च्या सुमारास त्यांच्या नावाने कैद्यांत एक मजकूर फिरला, ‘आम्ही प्रचारक आहोत, न्यायाधीश नव्हे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा. लोकांच्या श्रद्धेचा निवाडा करणे हे आपले काम नाही, हा त्याचा गाभा. त्याच कोठड्यांतून सुटलेला शुक्री मुस्तफा नेमका विरुद्ध दिशेने गेला. आपल्या टोळीत नसलेला प्रत्येक जण काफिर, आणि टोळी सोडणारा तर मृत्युदंडाला पात्र, असे त्याने ठरवले. १९७७ मध्ये या टोळीने माजी मंत्री शेख अल-झहबी यांना पळवून नेऊन मारले. कुराणाच्या टीकाग्रंथांचे ते मोठे अभ्यासक होते आणि त्यांनी या टोळीच्या मतांविरुद्ध लिहिले होते. म्हणजे गोळी पहिल्यांदा लागली ती धर्म जाणणाऱ्यालाच.

६ ऑक्टोबर १९८१ रोजी संचलनात इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात मारले गेले. त्या कटाचा सिद्धांत लिहिणारा अब्दुस्सलाम फरज विजेच्या क्षेत्रातला माणूस होता, धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. त्याच्या पुस्तिकेचा कणा म्हणजे इब्न तैमियांचा मंगोलविरोधी फतवा. सादात म्हणजे आजचे मंगोल, असे त्याने बसवले. इजिप्तचे मुफ्ती जादुल हक यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले: जिथे मशिदी भरतात, रोजे पाळले जातात, तिथे मंगोल कुठून आणता? उत्तर चोख होते. पण ते सरकारी मुफ्तीच्या शिक्क्यासह आले, आणि त्यामुळे ज्यांच्यापर्यंत पोचायला हवे होते त्यांनी ते ऐकलेच नाही. हुकूमशहाच्या पगारावरचे खरे बोलणेही संशयास्पद ठरते, ही या देशांची मोठी शोकांतिका आहे.

ऐकले गेले ते त्याच रांगेतल्या माणसांचे. अल-गमाआ अल-इस्लामिया या इजिप्शियन संघटनेच्या तुरुंगातल्या नेत्यांनी जुलै १९९७ मध्ये शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन केले. संघटनेच्याच एका गटाने चार महिन्यांत लक्सरच्या प्राचीन मंदिरापाशी ६२ जणांची कत्तल केली, ज्यात बहुतेक परदेशी पर्यटक होते. तरी नेते मागे हटले नाहीत. २००२ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या मतांचे खंडन करणारी पुस्तके काढली, तुरुंगातुरुंगांत फिरून पोरांना समजावले. करम झुहदी या त्यांच्या प्रमुखाने सादातना पुढे शहीद म्हटले. हरलेली, कोंडलेली माणसे असेच बोलणार, असे म्हणता येईल. पण त्यांनी युक्तिवाद पोलिसांचा वापरला नाही, गझाली आणि इब्न तैमिया यांचाच वापरला, आणि ती संघटना पुन्हा त्या मार्गाला लागली नाही. ‘इस्लामचा याच्याशी संबंधच नाही’ आणि ‘इस्लाम म्हणजे हेच’ ही दोन्ही वाक्ये मला या पुराव्यापुढे आळशी वाटतात. भांडण त्या परंपरेच्या पोटातले आहे आणि त्यात मेलेले बहुसंख्य लोक मुसलमानच आहेत.

जुलै २००५ मध्ये जॉर्डनच्या अम्मानमध्ये सुमारे पन्नास देशांतले दोनशे विद्वान जमले. त्यांनी सुन्नी, शिया आणि इबादी धरून आठ पंथांच्या अनुयायांची तकफीर निषिद्ध ठरवली. ओमानमधले हे इबादी मूळ खारिजी लाटेतल्या मवाळ शाखेतून आलेले, आज अत्यंत शांतताप्रिय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इराकमधल्या अल-कायदाचा म्होरक्या झरकावी याच्या माणसांनी अम्मानच्याच हॉटेलांत स्फोट घडवले, एक तर लग्नाच्या मेजवानीत.

झरकावीच्या टोळीतून वाढलेल्या इस्लामिक स्टेटमध्ये तकफीर शेवटी तिच्याच मुळावर आली. अज्ञानापोटी चूक करणाऱ्या मुसलमानाला काफिर न म्हणणारा स्वतः काफिर की नाही? आणि त्या सवलत देणाऱ्याला सवलत देणारा? हाझिमी म्हणून ओळखल्या गेलेल्या कडव्यांच्या मते ही साखळी कुठे थांबत नव्हती. संघटनेने त्यांच्यातल्या काहींना ठार केले. मग मे २०१७ मध्ये त्यांच्याच बाजूने झुकणारे परिपत्रक काढले आणि सप्टेंबरमध्ये ते मागे घेतले. जुलैत मोसूल पडले होते, रक्का पडायच्या बेतात होते, आणि संघटनेच्या खलिफाचे धर्मखाते आपल्यातला कोण काफिर यावर भांडत होते.

हे सारे बंदूकधाऱ्यांचेच असते तर एक वेळ ठीक. पण हाच निवाडा कायद्याच्या भाषेतही होतो. १९५३ मध्ये पाकिस्तानी पंजाबात अहमदिया पंथाला बिगरमुस्लिम ठरवा म्हणून दंगली उसळल्या. चौकशीला बसलेले न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी मौदूदींसह बड्या बड्या उलेमांना एकच साधा प्रश्न विचारला: मुसलमान कुणाला म्हणायचे? कुणाही दोघांची व्याख्या जुळली नाही. एकाची व्याख्या मानली तर आपण दुसऱ्याच्या लेखी काफिर ठरतो, असे न्यायमूर्तींनी अहवालात नोंदवले. तो अहवाल १९५४ मध्ये आला. वीस वर्षांनी, १९७४ मध्ये, संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलेच. १९८४ मध्ये लष्करशहा झिया उल हक यांनी अहमदियांनी स्वतःला मुसलमान म्हणवून घेणे हाच गुन्हा ठरवला.

भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम अहमदिया होते. घटनादुरुस्तीनंतर त्यांनी सरकारचे सल्लागारपद सोडले. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९९६ मध्ये ऑक्सफर्डला वारल्यावर त्यांना पाकिस्तानात, रबवा गावी पुरले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे ते पहिले मुस्लिम, असे कबरीच्या दगडावर इंग्रजीत कोरले होते. स्थानिक दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने त्यातला ‘मुस्लिम’ हा एक शब्द बुजवण्यात आला. बाकीचे वाक्य तसेच आहे.